उद्घाटनाची वाट पाहणारा दिवा

आमच्या इस्पितळात वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट होते आणि साजरे करायचे दिन जवळपास तितकेच. थट्टा नाही करत. आवक-जावकच्या टेबलावर मी तेवीस वर्षं बसलो, प्रत्येक दिनाचं परिपत्रक माझ्या हाताखालून गेलंय. महिलांचा दिन, वृद्धांचा दिन, चाकांच्या खुर्चीवाल्यांचा दिन, डावखुऱ्यांचासुद्धा. शिवाय झाडून सगळ्या धर्मांचे सण. हे सगळं साजरं व्हायचं ते मुख्य दारातून आत आल्यावर उजव्या हाताच्या एका फळ्यावर, आणि तो फळा सजवणारी बाईही एकच. तिला सगळे ‘कॅलेंडरबाई’ म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं समोर उभं राहून. फक्त मान वळवून. कारण बाईंना ऐकू कमी यायचं, पण ओठ वाचता यायचे.

बाई खरं तर भांडारप्रमुख. चादरी, हातमोजे, सलाइनच्या नळ्या, सगळं त्यांच्या ताब्यात. भांडार तळघरात आणि शेजारी पाण्याचे पंप. पंप सुरू झाला की माझ्या धडधाकट कानांनासुद्धा स्वतःचं खोकणं ऐकू येत नसे, तिथे बाईंच्या कानातल्या मशीनची काय कथा! वॉर्डातून फोन वाजत राही आणि बाई शांतपणे चादरी मोजत राहत.

फळ्याचं काम त्यांच्याकडे आलं ते केवळ त्यांच्याकडे रॅक होते म्हणून. सजावटीची एकतीस खोकी त्या रॅकवर बसली. पहिल्या वर्षी बाईंनी प्रत्येकावर नाव लिहिलं, तर लगेच तक्रार: अमक्यांच्या सणाचं खोकं तमक्यांच्या खाली का? मग समिती बसली. ‘सर्वसमावेशक समिती’ असं तिचं भारदस्त नाव. प्रमुख आमचे दातांचे डॉक्टर. दीड तास चर्चा झाली आणि ठरलं, की खोक्यांवर नावंच नकोत, नुसते आकडे घालावेत, तेही उलटसुलट, म्हणजे कुणी पहिला नाही आणि कुणी शेवटचा नाही. कुठल्या आकड्यात काय, हे राहिलं एकट्या बाईंच्या डोक्यात.

आता मुद्द्यावर येतो. फोन न उचलल्याबद्दल बाईंना दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की बदली, आणि बदली म्हणजे धुलाईघर. तिथे दिवसभर वाफ. बाईंचं कानातलं मशीन घामानेसुद्धा रुसायचं, वाफेत ते आठवडाभर टिकलं नसतं. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं ठार बहिरेपणात काढायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

बाईंनी साधा अर्ज केला: फोन वाजला की लुकलुकणारा दिवा मिळावा. अर्जात ‘श्रवण’ हा शब्द आला आणि तो थेट समितीकडे गेला. समितीला कोण आनंद! आमच्याकडे झाडू मिळायला तीन महिने लागत. हा दिवा आठ दिवसांत आला. बाईंनी स्वतःच तो उतरवून घेतला, रजिस्टरात चढवला, आणि वायरमनला हाक मारणार तेवढ्यात मी परिपत्रक घेऊन गेलो. दिवा बसवला जाईल कर्णबधिर दिनी, मोठ्या साहेबांच्या हस्ते. तोवर भांडारात सुरक्षित ठेवावा.

कर्णबधिर दिन सात महिन्यांवर होता.

बाई तडक दातवाल्यांच्या खोलीत. मीही मागोमाग गेलो. माझं काम नव्हतं, पण असल्या वेळी मी टेबलाला चिकटून बसणारा माणूस नव्हे.

“अहो बाई, सात महिने म्हणजे काय!” डॉक्टर म्हणाले. “असाच गुपचूप लावला तर कुणाला कळणार?”

“मला कळेल, साहेब. मला कळावं म्हणूनच मागवलाय.”

“तसं नव्हे हो. जागृती व्हायला हवी ना?”

“मी जागीच आहे.”

डॉक्टर हसले. समोरच्याच्या तोंडात हात असल्यासारखं बोलायची त्यांना सवय, उत्तराची वाट पाहायची नाही. बाई परतल्या आणि रजिस्टर इतक्या जोरात मिटलं, की पंपावरचा माणूस डोकावून गेला.

सात महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. एका हाताने चादरी मोजायच्या आणि दुसरा हात फोनवर, थरथर कळावी म्हणून. जेवतानाही तसंच. दिवा दोन हातांवर, रॅकमध्ये, खोक्यात. स्वतःच्या भांडारातली वस्तू, पण डॉक्टरांच्या सहीशिवाय स्वतःला देता येत नाही!

अखेर तो महिना उजाडला आणि नवीनच घोळ झाला. चंद्राप्रमाणे मागेपुढे होणारा एक मोठा सण नेमका कर्णबधिर दिनावरच येऊन बसला. फळा एक, नियमही एक: एका दिवशी एकच दिन. समितीने सणाला कौल दिला आणि कर्णबधिर दिन पुढच्या वर्षावर ढकलला.

सण होता आमच्या मेट्रनबाईंचा. तुम्हाला वाटेल, त्या खूश झाल्या असतील. छे! सणाच्या सकाळी कॅलेंडरबाई स्टुलावर चढून चंदेरी कागद चिकटवत होत्या आणि मेट्रनबाई खाली उभ्या राहून टेप कापून देत होत्या, त्या धुसफुसतच.

“फळा कुणी मागितला होता गं? मी सुट्टी मागितली होती. घरी सगळं गोत जमलंय आणि मी इथे बेडपॅन मोजतेय.”

“मग मिळाली नाही?”

“म्हणाले, तुमच्याच सणाचा कार्यक्रम, तुम्ही नसलात तर कसं दिसेल? शुभेच्छा मात्र दिल्या हो, तीनदा.”

“मलाही पुढच्या वर्षीच्या दिल्या,” बाई म्हणाल्या. “टेप दे.”

त्याच वेळी तळघरात फोन वाजत होता. शस्त्रक्रियेच्या खोलीला हातमोजे हवे होते. बाई तिथे नव्हत्याच. त्या समितीच्या आदेशाने समितीच्या फळ्यापाशी उभ्या होत्या. दुपारी तिसरा मेमो आला: ‘कामाच्या वेळी जागेवर नसणे.’ मेमो मीच नेऊन दिला. आयुष्यात इतका जड कागद उचललेला नाही. बाईंनी तो दोनदा वाचला.

“भाऊ, मी कुठे होते ते यांना माहीत नाही?”

“माहीत आहे, बाई. पण ती समिती वेगळी आणि हा विभाग वेगळा.”

“माणसं तीच आहेत ना?”

मी मेमोच्या तळाशी पाहिलं. सह्या त्याच होत्या.

बदलीचा हुकूम पंधरा दिवसांनंतरचा निघाला. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. कुठल्याही धर्माचा सण नाही, कुणाचा दिन नाही, साफ रिकामा बुधवार. बाईंनी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, “चिठ्ठी लागेल.” बाईंनी स्वतःच चिठ्ठी लिहिली, स्वतःच मंजूर केली, आणि रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘ऐकू येण्यासाठी.’ अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा पहिला नियम. पुढच्या बारा दिवसांत एकही फोन चुकला नाही. वॉर्डातल्या पोरी तर मजा म्हणून उगाचच फोन करायच्या.

बातमी वर पोचली. (माझ्याकडून नाही. म्हणजे फक्त माझ्याकडून नाही.) मोठे साहेब आणि दातवाले, दोघेही तळघरात उतरले. डॉक्टरांचा चेहरा पडला.

“बाई, हा उतरवा. वापरलेल्या दिव्याचं उद्घाटन कसं करायचं?”

“उतरवा ना,” बाई शांतपणे म्हणाल्या. “परवा मी धुलाईघरात जाते. रविवारी जो सण आहे, त्याचं खोकं तेवढं आत्ताच शोधून ठेवा.”

मोठ्या साहेबांनी रॅककडे पाहिलं. एकतीस खोकी आणि नुसते आकडे. डॉक्टरांनी एक उघडलं, तर आत पांढऱ्या काठ्या आणि काळे चष्मे. दुसऱ्यात कापसाच्या दाढ्या. तिसऱ्याला हात घालायचा त्यांचा धीर झाला नाही. मागच्या वर्षी बाई रजेवर असताना एकांच्या सणाला दुसऱ्यांचे तारे लागले होते, तेव्हा झालेला गहजब दोघांच्याही डोळ्यांसमोर आला असावा.

बदली रद्द झाली. कारण काय लिहिलं? ‘सजावटविषयक अनुभव.’ चुकलं, अन्याय झाला, असलं एक अक्षरही नाही.

आणि दिवा? तोही राहिला, पण अटीवर. पुढच्या कर्णबधिर दिनी उद्घाटन होईपर्यंत तो पडद्याआड राहील. समितीने खास छोटा मखमली पडदा शिवून घेतला, दोरीसकट.

“पडद्यातून उजेड दिसतो का हो?” मी विचारलं.

“मखमलीतून?” बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

मग पडदा वर गुंडाळून त्यांनी त्याला कपड्यांचा चिमटा लावला. सोमवारी समितीचा शिपाई यायचा, चिमटा काढायचा, पडदा सोडायचा आणि तसा अहवाल द्यायचा. तो जिना चढून जायच्या आत बाई दुसरा चिमटा लावायच्या. शिपाई चिमटे परत देत नसे. बाईंनी धुलाईघराकडून अख्खा डझन मागवला, रीतसर रजिस्टरात चढवून.