बाबा हो म्हणाले

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर बाबांकडे मोजकेच शब्द उरलेले. ‘जयभीम’ पूर्वीसारखं खणखणीत यायचं. ‘एक’ म्हणून सुरुवात करून दिली तर दहापर्यंत आकडे यायचे. आणि ‘हो’ यायचं. चहा हवा का विचारलं की हो, नको असला तरी हो. नौपाड्यात ज्या बाईंकडे त्यांना बोलायला शिकवायला नेत होतो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला समजावलेलं. त्यांना सगळं कळतं, पण हवा तो शब्द सापडत नाही, जो सापडतो तो बाहेर पडतो. तेव्हा शब्दावर जाऊ नका, चेहरा बघा, हात बघा. मी आणि ताई माना डोलावून बाहेर आलो.

बाबा तीसेक वर्षं शहर बसवर ड्रायव्हर होते. मी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, म्हणून ते कोपरीला ताईकडे असायचे. ताई शाळेत शिकवते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबांना मंगळवार-शुक्रवार नौपाड्यात न्यायचं म्हणून ती पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकली. पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळालं तेव्हा तिने बाबांना पेढा भरवलेला. माझी गाडी मी तिच्याकडेच ठेवायचो आणि रविवारी घेऊन जायचो.

अशाच एका रविवारी मी त्या गाडीला नवीन इनटेक बसवला. इंजिन ज्या पाइपातून हवा घेतं तो कंपनीचा काढून बाहेरून घेतलेला लावायचा, एवढंच ते काम. कंपनीचा पाइप हवा वरून घेतो, हेडलाइटच्या मागून. नवीन पाइप लांब असतो, खाली वळतो आणि त्याच्या टोकाचा फिल्टर बंपरच्या आत, चाकाच्या पुढे येतो. तिथली हवा थंड, त्यामुळे गाडीला जोर येतो म्हणतात. ऑफिसातल्या एकाने लावलेला. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची हौस होती. वय त्रेचाळीस, दिवसभर घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं टाइप करायची, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी गुरगुरते, याचं मला अप्रूप वाटत होतं.

कल्याण-शीळ रोडवरच्या गॅरेजवाल्याने बोनेट बंद करताना मला सांगितलेलं. “फिल्टर आता खाली आलाय. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. फिल्टर बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं.” मी हो हो केलं. मनात आलं, पाणी दिसलं तर मी कशाला घालीन.

गाडी कोपरीला आणून मी बिल्डिंगच्या आवारात सगळ्यांना आवाज ऐकवला. ताईला तो जरा जास्तच वाटला. बाबा खुर्चीवर बसलेले. गाडीतलं काहीही नवीन असलं की त्यांना दाखवायची मला सवय, म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्यासमोर धरला आणि फिल्टर कुठे आहे ते बंपरवर बोट ठेवून दाखवलं. बाबांनी फोटो बराच वेळ बघितला. मग डावा हात जमिनीकडे नेला, तिथून वर आणून आपल्या गुडघ्यावर दोन-तीनदा आपटला. “हो, हो, हो,” म्हणाले.

मी ताईला म्हटलं, बाबांना आवडलेलं दिसतंय.

चावी देताना मी तिला सांगितलं की पिकअप वाढलाय तेव्हा पाय हलका ठेव, आणि आवाजाला घाबरू नकोस. पाण्याचं सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मे महिना होता.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, दोन-तीन दिवस कोसळून पाऊस जरा उघडलेला, तेव्हा ताई बाबांना घेऊन निघाली. क्लिनिकच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचलेलं. पोटरीच्या वर, गुडघ्याच्या खाली. ती थांबली. पुढून एक रिक्षा गेली, मग आमच्याच मॉडेलची एक गाडी गेली, काही झालं नाही. शिकवल्याप्रमाणे पहिला गिअर टाकून तीही सावकाश निघाली. निम्म्या रस्त्यात इंजिनाने गचका दिला आणि गाडी बंद पडली.

पुढचं मला ताईने सांगितलं तसं सांगतो. तिने मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलावर पालथा. तिने पुन्हा केला. मागून हॉर्न सुरू झालेले, दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलेलं, बाबांच्या चपला भिजल्या. तिने बाबांकडे बघितलं. आपल्या शेजारी ज्या माणसाने अख्खी हयात पावसाळ्यात या शहरात बस चालवली तो बसलाय, याचा तिला आधार वाटला. तिने विचारलं, “बाबा, परत चावी मारू का?”

बाबा म्हणाले, “हो.”

म्हणताना त्यांनी डावा हात आडवा घालून तिचा दंड पकडला. घट्ट पकडला. तिला वाटलं घाबरलेत. तिने त्यांच्या हातावर थोपटलं, काही होत नाही म्हणाली. चावी स्टिअरिंगच्या पलीकडच्या बाजूला, बाबांचा हात तिथवर पोचण्यासारखा नव्हता. ते हो, हो, हो म्हणत राहिले आणि तिने चावी फिरवली. आतून धातूवर काहीतरी आदळल्यासारखा आवाज आला. तिने आणखी एकदा फिरवली.

तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी बाहेर येऊन घेतला. ‘पाणी’ आणि ‘बंद पडलीय’ एवढंच ऐकलं आणि म्हटलं, “ताई, चावीला हात लावू नकोस.”

“लावला रे,” ती म्हणाली. “दोनदा. बाबांनी हो म्हटलं.”

घोडबंदर रोडवरून नौपाड्याला पोचायला मला दोन तास लागले. बस जागची हलत नव्हती. उतरून चाललो, मग रिक्षा केली, तीही अडकली. वाटेत ताईला फोन करत होतो. बाबांना आधी बाहेर काढ म्हटलं तर ती म्हणाली, काढलं. समोरच्या मेडिकलवाल्याने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दोघा अनोळखी माणसांनी बाबांना खुर्चीसकट उचलून क्लिनिकच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवलेलं. मी पोचलो तेव्हा ते तिथेच बसलेले, ओली पँट पोटऱ्यांना चिकटलेली. उचलून नेणाऱ्या दोघांना त्यांनी जयभीम घातला, हे ताईने मला दोनदा सांगितलं. गाडीकडे ती बघत नव्हती.

चार दिवसांनी गॅरेजवाल्याने इंजिन उघडून मला बोलावलं. पिस्टनला धरून ठेवणारा एक दांडा बाहेर काढून त्याने माझ्या हातात दिला. हाताचा पंजा वळावा तसा तो वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून दांडा वाकतो, असं तो म्हणाला. मला ते माहीत होतं. मी विचारलं, चावी फिरवली नसती तर?

“बंद पडली तेव्हाच सोडली असती तर कदाचित वाचली असती. गाडी हळू होती. प्लग काढून पाणी बाहेर काढलं असतं.” मग दांडा परत घेत म्हणाला, “कदाचित. आता सांगता येत नाही.”

विमावाल्यांनी नवीन पाइपाचा फोटो काढून नेला आणि आठवड्याभरात नकार कळवला. बदल कळवलेला नव्हता. मी वाद घातला नाही.

नकार आला त्या संध्याकाळी कोपरीला गेलो. ताई मेथी निवडत होती, बाबा दिवाणावर टेकून बसलेले. ती पुन्हा तेच सांगायला लागली, की बाबा हो म्हणाले म्हणून तिने चावी मारली, नाहीतर तिने मारली नसती. बाबांच्या समोरच. बाबांनी डावा हात मांडीवर आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग आपटतच राहिले. तोंडातून हो, हो येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. तेव्हा आम्हा दोघांना एकदमच कळलं, दंड पकडलेला तो तिला थांबवायला. मला मे महिन्यातलाही तो हात कळला, पाणी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत चढतं हे दाखवणारा. माणूस एवढं नीट सांगत होता.

मग मी ताईला फिल्टरबद्दल सांगितलं. तो खाली आलेला, गॅरेजवाल्याने बजावलेलं, तिच्या पुढची गाडी त्याच पाण्यातून का गेली आणि आपली का नाही, सगळं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

“चावी देताना सांगायला काय झालेलं तुला?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठून बाबांजवळ गेली, त्यांचा हात मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, माझं चुकलं.” बाबा म्हणाले, “हो.” याचा अर्थ काय घ्यायचा हे तिला कळेना, मला कळेना. त्यांनी मान जोरात हलवली, आडवी, मग उभी, मग थकून डोळे मिटले.

गाडी तशीच गॅरेजवाल्याने पडत्या भावात ठेवून घेतली. दुसरी बघू, असं मी ताईला दोनदा म्हटलं. ती म्हणाली, तुझ्यासाठी बघ, मी चालवणार नाही. बाबांच्या बाई सांगतात की आता दोन नवे शब्द यायला लागलेत. आम्हाला घरी ते अजून ऐकू आलेले नाहीत.

रिक्षात बसवताना बाबांचा उजवा पाय उचलून आत ठेवावा लागतो, एकाने आतून धरायचं, एकाने बाहेरून. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून जातो. मंगळवारी ताई एकटीच असते. रिक्षावाला मदतीला खाली उतरला तर उतरतो.