वर्तकबाईंच्या ‘त्या’

वर्तकबाईंना काहीही विचारलं की त्या लगेच उत्तर देत नसत. अगदी किती वाजले असं विचारलं तरी. समोरच्याकडे बघत चार-पाच सेकंद गप्प राहायच्या, मग बोलायच्या. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळे बाईंना कमी ऐकू येतं असंच धरून चालले होते. लोक प्रश्न पुन्हा मोठ्यांदा विचारायचे. बाई तोही शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. उत्तर यायचं होतं.”

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. बी.कॉम. झाल्यावर जपानी शिकायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. दार उघडून त्यांनी विचारलं, “जपानी कशाला शिकायचंय?” मी पाठ करूनच गेले होते, “करिअर ऑपॉर्च्युनिटीज चांगल्या आहेत, सेन्सेई.” बाई गप्प. ती शांतता मला सोसेना आणि घाईत तोंडातून निघून गेलं, “आमच्या लोणीत कुणालाच येत न्हाई, म्हणून.” मी जीभ चावली. बाईंनी दार पूर्ण उघडलं. “हे दुसरं कारण बरं आहे. आत या. आणि सेन्सेई नको, बाई म्हणा. मी जपानची नाही, सातारा रोडची आहे.”

जीभ चावायचं कारण होतं. मी लोणी काळभोरची, शेतकऱ्याच्या घरातली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ‘हाय’ म्हटलं की वर्गातली मुलं हात हलवून ‘हॅलो’ म्हणायची. तीन वर्षांत मी माझं ‘आहे’ आणि ‘नाही’ घासूनपुसून इतकं लख्ख केलं होतं की घरी गेल्यावर आमची काकीच मला चिडवायची, “आली बघा पुण्याची बातमीवाली.”

बाईंनी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्यात नोकरी केली होती. जपानी यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका कामगारांसाठी मराठीत आणायचं ते काम. त्या सांगायच्या, “यंत्राच्या पुस्तकात शब्द चुकला तर माणसाचं बोट जातं. गोष्टीत शब्द चुकला तर काय जातं ते लगेच दिसत नाही, एवढाच फरक.” निवृत्तीनंतर त्या घरातल्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. एकट्याच राहत. कुणी ‘सोबत नाही का?’ असं विचारलं तर म्हणत, “होती. माझ्याआधी गेली. जागा भरलेली नाही, जाहिरातही दिलेली नाही.”

त्यांच्याकडे शिकून मी एका डबिंग स्टुडिओत लागले. संवादांच्या प्रती तयार करायच्या, कलाकारांना तारखा कळवायच्या, असं काम. तिथे एकदा एक जपानी चित्रमालिका मराठीत करायला आली. एक माणूस गावोगाव फिरून जुन्या विहिरी उपसतो. प्रत्येक गावात त्याला पाण्यात, धुक्यात, शेवाळात राहणारं काहीतरी भेटतं. ते माणसांचं वाईट करायला आलेलं नसतं, भलं करायलाही नाही. ते नुसतं तिथे राहत असतं, माणसांच्याही आधीपासून. कुणाचा तरी पाय चुकून त्याच्यावर पडतो आणि गोष्ट सुरू होते. विहीरवाला त्याला मारत नाही, पूजतही नाही. दोघांना एकमेकांशेजारी राहता येईल अशी वाट शोधतो. कधी सापडते, कधी नाही.

भाषांतरासाठी मी बाईंचं नाव सुचवलं. त्यांनी पहिला भाग त्यांच्या पुढच्या खोलीत, खुर्चीच्या टोकावर बसून पाहिला. संपल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मग म्हणाल्या, “करीन. पण घाई करणार नाही. बनवणाऱ्यांनीही केलेली नाही.”

त्या अडल्या एकाच शब्दावर. त्या पाण्यातल्या, धुक्यातल्या अस्तित्वांना मराठीत म्हणायचं काय? आठवडाभर त्या शब्द जोखत होत्या आणि टाकून देत होत्या. “आत्मा फार शिकलेला वाटतो. यक्षाला मुकुट घालावा लागेल. देवता म्हटलं की नारळ आणा.” शेवटी मीच चाचरत म्हटलं, “बाई, आमच्या ओढ्यावर आसरा आहेत, पाण्यातल्या.” पुढच्या रविवारी आम्ही लोणीच्या बसमध्ये होतो.

शांताकाकी, म्हणजे माझी चुलती, बाईंना उसाच्या कडेनं ओढ्यापर्यंत घेऊन गेली. तिथे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. काकी म्हणाली, “ऐन दुपारच्याला आमी हितं येत न्हाई. तवा त्यांची येळ असती.”

“त्यांची म्हणजे कुणाची?” बाईंनी विचारलं.

काकीनं दगडांकडे नुसती हनुवटी वळवली. “त्यांची.”

“नाव काय त्यांचं?”

“नावं हायेत की. पर दारात हुबं राहून नाव घेत न्हाईत. ‘त्या’ म्हनायचं, आन् बाजूनं जायचं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “काकी, जरा नीट सांग ना. बाईंना कळणार नाही.” त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा क्षणभरही न थांबता उत्तर दिलं. “मला सगळं कळलंय, वैशाली. मध्ये तू येतेयस.”

परतताना हडपसरपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम हसल्या. “शब्दकोशांचे ढीग उपसले. शब्द सर्वनामात बसला होता.”

बाईंनी सगळ्या भागांत त्या अस्तित्वांना फक्त ‘त्या’ म्हटलं. दुसऱ्या भागात एक म्हातारी आहे. झऱ्यावर कुणी कधी जायचं हे तिलाच माहीत असतं. तिच्या तोंडी बाईंनी काकीची बोली दिली. आणि जिथे मूळ मालिकेत जवळजवळ मिनिटभर कुणीच बोलत नाही, नुसतं पाणी वाहतं, तिथे बाईंच्या प्रतीतही काहीच नव्हतं.

स्टुडिओचे प्रमुख, आमचे निखिल सर, हुशार माणूस. पण त्यांना सगळं पटकन लागायचं. बैठकीत त्यांनी बाईंची प्रत टेबलावर ठेवली. “मॅम, वर्क ब्युटिफुल आहे. फक्त थोडी क्लॅरिटी आणू. ‘त्या’ म्हणजे कोण, ऑडियन्सला कळणार नाही. आपण ‘भूत’ करू. लगेच कनेक्ट होतं.”

बाई नेहमीप्रमाणे थांबल्या. सरांनी मोबाईलकडे पाहिलं.

“भूत व्हायला आधी मरावं लागतं,” बाई म्हणाल्या. “यांच्यापैकी कुणीही मेलेलं नाही.”

“ओके, पण ही म्हातारी फार गावठी बोलते. आणि हा पॉज बघा, एक मिनिट. लोकांना वाटेल आवाज गेला. तिथे विहीरवाल्याच्या मनातले दोन डायलॉग टाकू.”

“त्याच्या मनात तेव्हा काही नाहीये. म्हणूनच तो चांगला माणूस आहे.”

सर हसले. “मॅम, शेवटी मार्केट आहे. बदल तर करावे लागतील.”

“करा. शब्द तुमचे झाले की नावही तुमचंच घाला. माझं काढून टाका.” बाईंनी पर्स उचलली. दाराशी वळून म्हणाल्या, “आणि गावठी कोण बोलत नाही या खोलीत? आपलं गाव तेवढं जरा मोठं आहे.”

सगळा वेळ मी भिंतीशी बसून होते. ती बोली माझ्या घरची होती, आणि मी एक अक्षर बोलले नाही. खाली रिक्षाची वाट बघताना बाईंनी विचारलं, “गप्प का बसलीस?”

“नोकरी आहे, बाई.”

त्या थांबल्या. रिक्षा येऊन उभी राहिली तरी थांबलेल्याच होत्या. मग म्हणाल्या, “खरं आहे. नोकरी असते. आज गप्प बसलीस, ठीक. पण सवय लावून घेऊ नकोस. ती सुटत नाही.”

मालिका मराठीत आली, नावातच ‘भूत’ घेऊन. भूत इकडे, भूत तिकडे, झऱ्यावर धडधडणारं संगीत, म्हातारीच्या तोंडी शाळेच्या पुस्तकातली मराठी. बाईंनी अर्धा भाग पाहून टीव्ही बंद केला आणि सोसायटीच्या सचिवांना अर्ज लिहिला. सोसायटीच्या हॉलमध्ये, महिन्यातून एका रविवारी सकाळी, मूळ जपानी भाग टीव्हीवर लावायचा आणि बाईंचे संवाद समोर बसून मोठ्यानं वाचायचे.

सचिव म्हणाले, “अहो, हॉल वाढदिवस आणि हळदीकुंकवासाठी आहे. भुताखेतांचं काही नको.”

“भुताखेतांचं तिकडे चालू आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच हॉल मागतेय.”

म्हातारी मी वाचायची असं त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही. पहिल्या रविवारी वीसेक माणसं आली. शांताकाकीही लोणीहून आली, पिशवीभर मेथी घेऊन पहिल्याच रांगेत बसली. माझं वाक्य आलं. “हितं त्या हायेत. बाजूनं जावा.” मागून कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी रिमोटनं चित्र थांबवलं. “कारण सांगा, म्हणजे आम्हालाही हसता येईल.” खुसखुस थांबली. “मग पुढे जाऊ. वैशाली, परत वाच.”

मी परत वाचलं. या वेळी मोठ्यानं. काकी मान हलवत होती, जणू मी काही चूक करत नाहीये ना याची खात्री करत होती. पुढे पाण्याचं ते मिनिट आलं. शेजारच्या फ्लॅटमधली कुकरची शिट्टी ऐकू आली, नंतर कुठेतरी बुलबुल. सचिव दारातून डोकावून म्हणाले, “सेट बिघडला का?” बाईंनी नुसतं बोट वर केलं, आणि तेही मागच्या रांगेत बसले.

हे स्टुडिओत कळलं. दुसऱ्याच दिवशी मला कामावरून कमी केलं. ऑफिसच्या विरोधात उभी राहिले म्हणे. मी रडत बाईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “आता तुला वेळ आहे. निम्मे विद्यार्थी तू घ्यायचे.” सांत्वन त्यांना येत नसे. त्याऐवजी त्या काम देत. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या पुढच्या खोलीत माझं टेबल लागलं. हॉलमधलं वाचनही बंद पडलं नाही. वारज्यातून, कोथरूडमधून माणसं येऊ लागली. कुणीतरी त्याबद्दल लिहिलं. इंटरनेटवर मराठी भागांखाली लोक विचारू लागले की बाईंची प्रत का वापरली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या फुप्फुसांनी कुरकुर सुरू केली. दवाखान्यात डॉक्टरांनी बोलायची मनाई केली, तर त्यांनी डॉक्टरांच्या कागदावरच पेन्सिलीनं एक शब्द सुधारून दिला. दुपारी मी शेजारी बसले होते. निखिल सरांचा मेसेज आला होता. दुसरा सीझन येतोय, बाईंचीच प्रत घेऊ, नाव मोठ्या अक्षरात देऊ, फक्त मालिकेच्या नावात ‘भूत’ राहू दे. मी वाचून दाखवलं.

बाईंनी डोळे मिटले. मी वाट पाहिली. बराच वेळ गेला. मला वाटलं झोप लागली.

“त्यांना सांग,” त्या म्हणाल्या, “बाई विचार करत नाहीयेत.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीतून आम्ही घरी आलो. लोक अजून पायऱ्यांवर चपला काढत होते आणि माझा फोन वाजला. निखिल सर होते. त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं, खोटं वाटलं नाही. मग हळूच म्हणाले, “आता हक्क तुझ्याकडेच असतील ना? बाईंना ट्रिब्यूट म्हणून करू. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. तू समजूतदार आहेस.”

मी जिन्यात उभी होते. उत्तर तयार होतं, पण मी ते लगेच दिलं नाही.

“न्हाई जमायचं, सर,” मी म्हटलं.

“काय? हॅलो? आवाज नीट येत नाहीये तुझा.”

“आवाज बराबर येतोय, सर,” मी म्हटलं. “न्हाई म्हनतीय मी.”