एकशे दहाच्या पुढं

आकडा दिसला की तो गाठल्याशिवाय आपल्या नवऱ्याला, निवृत्तीला, चैन पडत नाही, हे भागुबाईला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत त्यानं उभी हयात बॉयलरवर काढली. प्रेशरचा काटा हिरव्या पट्टीत आहे ना, एवढंच बघायचं, पण डोळ्यांत तेल घालून. घरी आला तरी कुकरच्या शिट्ट्या हाच मोजणार. एकदा वाफ सारखी सुटते म्हणून कुणा शहाण्यानं सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन लटकवलं होतं; आत कोंडून बॉयलर फुटलाच असता. निवृत्तीनं जाळ बंद केला, त्या शहाण्याला कॉलर धरून बाहेर काढलं आणि आडव्या आलेल्या मॅनेजरलाही सुनावलं. ही हकिकत भागुबाईनं इतक्या वेळा ऐकली होती, की तो दम घ्यायला थांबला तर पुढचं ती सांगायची.

रिटायर झाल्यावर दोघं लोणावळ्यात, तुंगार्लीला राहायला आली. गेल्या वर्षी निवृत्तीच्या छातीत कळ आली, स्टेंट बसला. डॉक्टरांनी ठोके हळू ठेवणारी गोळी दिली आणि सांगितलं, "चालताना दोन वाक्यं नीट बोलता आली पाहिजेत. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करा. बाकी काही हिशेब करू नका." हे निवृत्तीच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

मुलगा सुहास चाकणला नोकरीला. त्यानं बापाला ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं आणि बाप फिरायला गेला की आकडा आईच्या फोनवर दिसेल, अशी सोय करून दिली. आईला धीर यावा म्हणून केलेलं काम. त्या फोनपायी तिची भाकरी किती वेळा करपली, ते सुहासला कुणी सांगितलं नाही.

तुंगार्लीच्या धरणाच्या चढावर सकाळी फिरणाऱ्यांचा एक घोळका असतो. त्यातला बँकेतला मुकुल एकदा निवृत्तीला म्हणाला, "काका, दोनशे वीसमधून वय वजा करा. तुमचे कमाल ठोके एकशे एकोणसाठ. चालताना एकशे दहाच्या पुढं आणि एकशे पस्तीसच्या आत राहा, म्हणजे व्यायामाचा उपयोग." बिचाऱ्यानं धडधाकट माणसाचा हिशेब सांगितला. निवृत्तीला स्टेंट आहे, गोळी चालू आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. चारचौघांत आजारपणाचा विषय काढायची निवृत्तीला लाज वाटायची.

झालं, निवृत्तीला हिरवी पट्टी मिळाली. पण काटा तिथवर चढेना. ब्याण्णव, पंच्याण्णव, फार तर अठ्ठ्याण्णव. तो पाय उचलायचा, धापा टाकायचा, आणि साडीवर बूट घातलेल्या बाया गप्पा मारत त्याला मागं टाकून जायच्या. आंदर मावळातल्या गावाहून डोंगर तुडवत शाळेला गेलेला हा माणूस घरी येऊन पायरीवर बसून राहायचा, चहा गार होईपर्यंत. भागुबाईला ते बघवत नसे. फोन हातात धरून ती मनातल्या मनात आकड्याला म्हणायची, चढ की रे बाबा.

आणि दिवाळीनंतर तो चढला. एकशे चौदा. मग एकशे बावीस. निवृत्ती शीळ घालत घरी येऊ लागला, भाकरी मागून घेऊ लागला. भागुबाईनं शेजारच्या राजेश्वरीबाईंना बोलावून फोन दाखवला. सुहासला म्हणाली, "तुजं घड्याळ लय गुनाचं निगालं." त्या आठवड्यात तिच्याइतकं सुखी तुंगार्लीत कुणी नसेल.

मग एका सकाळी, तो नुकताच बाहेर पडलेला असताना, धुण्याच्या दगडावर त्याच्या पँटचा खिसा उलटा केला तर बोटांना पांढरा लगदा लागला. त्यात अर्धी विरघळलेली एक गोळी होती. रोज तिच्यासमोर गोळी तोंडात जायची, वर पाणी जायचं, आणि हा दारातच ती थुंकून खिशात टाकायचा. चढला होता तो आकडा असा. आपण राजेश्वरीबाईंना काय दाखवलं, हे आता तिच्या ध्यानात आलं.

तिनं फोन लावला. त्यानं उचलला नाही. बोलायला थांबलं की आकडा पडतो, म्हणून चढावर तो फोन घेतच नसे. आकडा एकशे एकेचाळीस होता. गुडघ्यानं अधू बाई कुठं धावणार? ती ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

तो आला घामानं निथळत, खुशीत. तिनं तळहात पुढं केला.

"ह्ये काय?"

निवृत्तीनं बघितलं. खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्यात नव्हतं.

"त्या गोळीनं मेल्यावानी वाटतं, भागू. जाळ लावायचा आन पानी कोमटच."

"व्हॉल्व्हला वजन लावलं म्हनून मानूस भायेर काडला व्हता तुमी. आन आता?"

"त्यो बॉयलर कंपनीचा व्हता. ह्यो माजा हाय."

"आन तुमी कुनाचे?"

टॉवेल उचलून तो आंघोळीला गेला.

तिनं दुपारीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "काका, ही गोळी अशी अचानक बंद करणं फार घातक. आणि ती चालू असताना तो वजाबाकीचा हिशेब तुम्हाला लागूच नाही. तुमचे पंच्याण्णव भरपूर आहेत. त्रास होत असेल तर मला सांगा, मी डोस बघतो. स्वतःचं डोकं चालवू नका." निवृत्तीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती गोळीनंतर त्याचं तोंड उघडून बघू लागली, जिभेखालीसुद्धा. शाळेतल्या पोरासारखा तो आ करायचा. त्याला असा बघून तिलाच रडू यायचं, पण तिनं एक दिवस सोडला नाही. आकडा नव्वदीत राहिला. शीळ बंद झाली. पायरीवरचा चहा पुन्हा गार व्हायला लागला, आणि ती दोन्हीकडून हरली.

परवा सकाळी त्यानं आ केला, तिनं बघितलं, तोंड रिकामं होतं. तो गेला. भाकरी थापता थापता तिनं फोनकडं पाहिलं. एकशे सोळा. पिठाच्या हातानं तिनं कपाटावरची ठोक्यांच्या गोळ्यांची बाटली उघडून गोळी हातावर घेतली. रंग तसाच, आकार जरा मोठा. तिनं चाटून बघितली. ती चुन्याची, कॅल्शियमची गोळी होती, त्याच्या हाडांसाठी डॉक्टरांनीच दिलेली; त्यानं बाटलीतल्या गोळ्याच बदलल्या होत्या.

तिनं फोन लावला. त्यानं कट केला. पुन्हा लावला. कट.

एकशे चोवीस. तिनं तवा उतरवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. एकशे एकतीस. खाली ये रे आकड्या, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची तिलाच भीती वाटली. आकडा खाली येता येता शून्यावरही येतो; कुठं थांबायचं, हे त्याला कोण सांगणार? एकशे अडतीस. निदान आकडा आहे, म्हणजे तो चालतोय. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि पापणी लवू दिली नाही.