चुकीच्या खणातली गाणी

“बरं. नेक्स्ट,” असं म्हणत ती हेडफोन एका कानावरून मागे सारायची. माझ्या आवाजातली टेप ऐकून एक पत्र टाईप करून झालं की हे ठरलेलं. पत्र साध्या गुडघेदुखीचं असो, नाहीतर जिथे आता काही उपाय उरला नाही अशा पेशंटचं, तिचं ‘नेक्स्ट’ एकाच पट्टीत यायचं. पुढे तिच्या स्वतःच्या आयुष्यात जेव्हा जेव्हा काही बिनसलं तेव्हाही मी तेच ऐकलं. दर वेळी वाटायचं, आता तरी ही बाई टेबलावर हात आपटेल. ती आपटायची नाही. आपटावासा मलाच वाटायचा.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी पुण्याहून येऊन कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात सांधेदुखीच्या विभागात डॉक्टर म्हणून लागले होते आणि ती आमच्या विभागाची सेक्रेटरी होती. तिशीतली, उंच, केस कानाच्या वर कापलेले. आडनाव मराठी दिसलं म्हणून पहिल्याच दिवशी मी तिच्याशी मराठीत बोलले. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, “डॉक्टर, तुमचा पत्र खूप लांब असते.”

“तुमचं पत्र. लांब असतं.”

“पत्र बॉय नाही?”

“नाही.”

“मग गर्ल?”

“तेही नाही.”

“म्हणजे इकडे नाही, तिकडे नाही. माझ्यासारखा,” असं म्हणून तिने हेडफोन परत चढवला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजले की ती फायलींच्या कपाटामागून गिटारची काळी पेटी काढायची आणि निघायची. सोमवारी सकाळी परत जागेवर. मधल्या अडीच दिवसांत ती कुठे कुठे गाऊन आलेली असायची: श्रॉपशरमधला एखादा पब, वेल्समधलं एखादं चर्च, यॉर्कशरमधला कुणाचा तरी दिवाणखाना. ती जे गायची त्याला अमेरिकाना म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. अमेरिकेतल्या लहान गावांतून आलेली, गिटार आणि बँजोवर म्हटली जाणारी, खाणींची, रेल्वेची, बंद पडलेल्या गिरण्यांची आणि मोडलेल्या संसारांची गाणी. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची आणि गावोगाव हिंडून म्हणायची. लहानपणी शेजारच्या आयरिश विधवा बाईंनी तिला या गाण्यांच्या कॅसेट दिल्या होत्या. त्या ऐकताना तिला वाटलं, हे लोक आपल्या बाबांबद्दल बोलताहेत.

बाबा मूळचे नागपूरकडचे. कॉव्हेंट्रीत येऊन फाउंड्रीत लागले. तापलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. मोटारींचे कारखाने एकेक करून बंद झाले तशी फाउंड्रीही बंद झाली आणि उरलेली नोकरी त्यांनी पोस्टात पत्रं वेगळी करण्यात काढली. रविवारी ते विहारात वंदना म्हणवून घ्यायचे. बोलायचे फार कमी.

एकदा तिची गाडी बिघडली म्हणून मी तिला डर्बीशरमधल्या एका गावी घेऊन गेले. पबच्या दारावर पोस्टर होतं. त्यावर कमळ, हत्ती आणि खाली ‘पूर्वेचे गूढ सूर’. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पोस्टरकडे पाहिलं. कार्यक्रम ठेवणारे दाढीवाले गृहस्थ धावत आले. माणूस अगदी सज्जन. तिला म्हणाले, “तुला बसायला गालिचा लागेल का?”

“खुर्ची चालेल,” ती म्हणाली.

वरच्या खोलीत अठरा माणसं आणि एक कुत्रं होतं. तिने हार्मोनिका तोंडापुढे अडकवली, एक पाय पुढे टाकला आणि ‘रुमाल’ नावाचं गाणं सुरू केलं. तिचंच. बाबा फाउंड्रीतून आले की नाक शिंकरायचे आणि रुमाल काळा व्हायचा. आई तो रोज धुवायची आणि तो रोज काळा होऊन यायचा. फाउंड्री बंद झाली त्यानंतरच्या सोमवारी आईने रुमाल बादलीत टाकला आणि पाणी स्वच्छच राहिलं. त्या स्वच्छ पाण्याकडे बघत आई रडली. गाणं एवढंच. गाताना तिचा आवाज थोडा खरखरीत व्हायचा आणि शेवटच्या ओळीला ती गिटारच्या तारा तळहाताने दाबून बंद करायची. मी डॉक्टर आहे, माणसं मरताना पाहिली आहेत. तरी मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

मध्यंतरात एक बाई तिच्याजवळ आल्या. “फार सुंदर! तुमच्या देशातही गिटार असते?”

“कॉव्हेंट्रीत असते,” ती म्हणाली.

तुम्हीही कधीतरी असं माणूस पाहिलं असेल. समोर उभं राहून आपलं नाव सांगतंय आणि ऐकणारा मात्र त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतोय. दोनदा गंमत वाटते. दोनशेव्यांदा वाटत नाही.

पुढे एका लहानशा कंपनीने तिची सीडी काढायची ठरवली. ती आनंदाने इतकी भांबावली की माझ्या तीन पेशंटची पत्रं एकमेकांच्या पत्त्यांवर टाईप झाली. मी ती वेळेवर पकडली. पण रेकॉर्डिंगला गेल्यावर निर्मात्याने सांगितलं, दोन गाण्यांत सतार घालू, नाहीतर लोकांना तुझी जागा कळणार नाही. ती चार दिवस भांडली आणि पाचव्या दिवशी हो म्हणाली. मला हे सांगताना ती टाईप करत होती. हात न थांबवता म्हणाली, “मीच हो म्हटला, डॉक्टर. कुणी गन नाही लावला.”

सीडी दुकानात आली. आम्ही दोघी शनिवारी बघायला गेलो. लोकसंगीताच्या खणात नव्हती, अमेरिकानाच्या नव्हती. ‘वर्ल्ड म्युझिक’ लिहिलेल्या खणात, योगासनांच्या संगीताशेजारी होती. तिने तिथल्या पाचही सीडी उचलल्या, लोकसंगीताच्या खणात आपल्या आडनावाच्या अक्षराखाली नीट लावल्या आणि आम्ही बाहेर पडलो. पुढच्या शनिवारी त्या परत योगासनांशेजारी. तिने पुन्हा हलवल्या. असं दीड महिना चाललं. तिचा कार्यक्रम असला की हे काम माझ्याकडे यायचं. शेवटी काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही त्या दर शनिवारी चुकीच्या जागी का ठेवता?” मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पण तिचं नाव तर इंडियन आहे.”

हे सोमवारी मी तिला रागारागाने सांगितलं. ती म्हणाली, “बरं. नेक्स्ट.”

आता माझं सांगते. इंग्रज माणसांवर चिडणं मला सोपं होतं.

आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं स्नेहसंमेलन होतं आणि कार्यक्रम माझ्याकडे होता. आपल्या माणसांनी तरी तिला ऐकावं असं मला फार वाटत होतं. पण समितीत कुरकुर झाली, इंग्रजी गाणी कोण ऐकणार? म्हणून मी पत्रिकेत तिच्या नावापुढे ‘भावगीते’ छापून मोकळी झाले. म्हटलं, एकदा ती स्टेजवर गेली की म्हणेल तिला हवं ते. तिला विचारलं मात्र नाही.

ती बाबांना घेऊन आली. दारात तिच्या हातात पत्रिका दिली गेली. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा. बोट ठेवून अक्षर अक्षर लावत तिने तो शब्द वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही पण, डॉक्टर?”

तरीही ती स्टेजवर गेली आणि ‘रुमाल’ म्हणाली. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतली माणसं उठून गुळपोळीच्या टेबलाकडे जायला लागली. गाणं संपल्यावर पुढच्या खुर्चीतल्या एक काकू प्रेमाने म्हणाल्या, “छान हं बाळा. आता आपलं काहीतरी म्हण ना.”

ती गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागली. तेवढ्यात भिंतीपाशी उभे असलेले तिचे बाबा बोलले. त्यांचा आवाज मी तेव्हा प्रथमच मोठा झालेला ऐकला. “आपलं म्हणजे कुणाचं, ताई? ते काळं मी नाकातून काढलंय. ते आपलंच आहे.”

मग कुणीतरी माईक घेऊन तिळगुळाची घोषणा केली. मी तिथेच होते, माईकपासून दोन हातांवर. मला बोलता आलं असतं. मी पत्रिकांचा गठ्ठा सरळ करत राहिले.

पुढचे दोन महिने माझी पत्रं निर्दोष टाईप होऊन यायची. मराठीत एक शब्द नाही. मग एका दुपारी मी तिच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, “माझं चुकलं.” तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “मला सांगायला पाहिजे होता तुम्ही. मी येणार नव्हते. बाबाला आणणार नव्हते.” एवढंच. ती आम्हा दोघींसाठी आणायची तो चहा मात्र त्या दिवसापासून परत दोन कप यायला लागला.

त्याच वर्षी एक नामवंत अमेरिकन गायक ब्रिटनच्या दौऱ्यावर आला आणि त्याच्या आधी अर्धा तास गायला तिची निवड झाली. नऊ शहरं. ज्याचं गाणं ऐकत ती मोठी झाली त्या माणसाच्या आधी! तिने नोकरी सोडली. मी म्हटलं, बिनपगारी रजा घे. ती म्हणाली, “अर्धा अर्धा करून बघितला ना दहा वर्ष.”

चौथा कार्यक्रम एडिनबराला होता. तिथून तिने मला फोन केला. हॉल भरलेला होता, ‘रुमाल’ला लोक एकदम गप्प झाले आणि मग टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या गायकाचा मॅनेजर तिच्यासमोर बसला. म्हणाला, तू उत्तम गातेस, पण आमच्यासारखंच गातेस. लोकांना एकाच संध्याकाळी तेच दोनदा नको असतं. पुढच्या शहरांत तुझ्या इकडचं काही करशील का? साडी वगैरे?

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“म्हटला, माझा इकडे हाच आहे.”

उरलेली पाच शहरं दुसऱ्याच कुणाला मिळाली. “बरं” एवढंच ती म्हणाली. त्यानंतरच्या ‘नेक्स्ट’ची मी वाट पाहिली. ते आलं नाही, आणि ट्रेनची घोषणा ऐकू आल्यावर तिने फोन ठेवला.

त्यानंतरही ती तीन वर्षं हिंडली. जुन्या व्हॅनमध्ये, एकटीच. कधीमधी पोस्टकार्ड यायचं. त्यावर गावाचं नाव आणि किती माणसं आली तो आकडा. तेवीस. नऊ. एकतीस. मी दरम्यान एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरीला गेले होते.

एका शुक्रवारी तिचा मेसेज आला: रविवारी दुपारी तीन वाजता बॉर्डर्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या, एका गावात आहे, जमलं तर या. तास-दीड तासाचा रस्ता. गाव लोकरीच्या गिरण्यांचं, पण गिरण्या बंद. गावाच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि आम्ही तिघं होतो: मी, हॉलची किल्ली असलेले गृहस्थ, आणि काठी घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई. तिने माईक बंद केला, स्टेजवरून खाली आली आणि आमच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तासभर गायली. एक गाणंही गाळलं नाही.

‘रुमाल’ संपल्यावर म्हाताऱ्या बाई थोडं पुढे वाकल्या. “कुठली गिरणी?”

“गिरणी नाही. फाउंड्री. कॉव्हेंट्रीला.”

“आमचं निळं यायचं,” बाई म्हणाल्या. “ज्या आठवड्यात जो रंग चालू, तोच रंग रुमालावर. माझ्या नवऱ्याचं सगळ्यात जास्त निळं.” जरा थांबून म्हणाल्या, “ते बादलीचं परत म्हणशील?”

तिने म्हटलं. बाई ओठ हलवत बरोबर म्हणत होत्या, दुसऱ्यांदाच ऐकत होत्या तरी.

नंतर गाडीत सामान ठेवताना मी आनंदाने काहीबाही बोलत सुटले. ती गिटारच्या पेटीचे पट्टे आवळत म्हणाली, “डॉक्टर, हा शेवटचा होता. म्हणून तुम्हाला बोलावला.”

“अगं, पण आत्ताच तर—”

“गाऊन नाही थकले. समजावून थकले.”

मला इतका राग आला! तिच्यावर नाही. त्या बाईंवर आला, की तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात? पण त्या बिचाऱ्या इथेच होत्या, याच गावात, आणि कुणी त्यांच्याकडे आलं नव्हतं. वाद न घालता मी पेटी उचलून व्हॅनमध्ये ठेवली. तिने काय करावं हे ठरवायचा, तिच्यावर आणखी एक लेबल चिकटवायचा हक्क मी संक्रांतीलाच घालवला होता.

ती कुठल्याशा किनाऱ्याच्या गावी लायब्ररीत काम करते असं नंतर कळलं. तिचे बाबा तिच्याबरोबर असतात. मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तिसरं लिहिलं नाही.

त्या दुपारी व्हॅन वळवताना तिने काच खाली करून हात केला. म्हाताऱ्या बाई हॉलच्या पायरीवर उभ्या होत्या. घरचं माणूस निघालं की उभं राहतात तशा. व्हॅन पुलापलीकडे दिसेनाशी झाली तरी त्या आत गेल्या नाहीत. मी विचारलं, तुम्हाला घरी सोडू का? त्या म्हणाल्या, “थांब जरा,” आणि ते बादलीचं कडवं हळू आवाजात सुरुवातीपासून म्हणायला लागल्या. मधली एक ओळ त्यांना आठवेना. मला येत होती. मी सांगितली.