पेरूची सून

इंदूरच्या तुकोगंजातल्या रमाबाई मुळ्यांनी चाळीस वर्षांत एकही एकादशी मोडली नव्हती. बँकेत नोकरी होती तेव्हासुद्धा डब्यात खिचडीच असे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून कोणी चिडवलं, की त्या आणखी एक डाव वाढून घेत.

उन्मेषने जर्मनीहून फोन केला, “आई, मुलगी पेरूची आहे.”

“म्हणजे? जामचा बगीचा आहे का त्यांचा?” इंदूरमध्ये पेरूला जाम म्हणतात, पण ‘पेरू’ हा माहेरचा शब्द रमाबाईंना बरोबर आठवला होता.

“आई, पेरू देश आहे.”

नणंद अंबिकावन्सं कडाडल्या, “रमा, सोच ले. परदेशी पोरगी स्वयंपाकघरात आली तर तुझ्या उपासाचं वाटोळं.” एकुलता एक लेक दुखवायचा, की चाळीस वर्षांचं व्रत सोडायचं? त्यांनी लेकाला कळवलं, घेऊन ये, पण होकार गृहीत धरू नकोस.

आणि उन्मेष नि ती मुलगी, इनेस, नेमकी एकादशीलाच येऊन थडकली. रमाबाईंनी धाकधुकीतच पान वाढलं. खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, भगर. इनेसने पान पाहिलं आणि तिला हसूच आवरेना.

“ती म्हणतेय, बटाटा आधी आमच्याच डोंगरात पिकला,” उन्मेष म्हणाला.

“असेल. शेंगदाणे?”

“शेजारच्या बोलिव्हियाकडचे.”

“साबूदाणा?”

“तो ज्या कंदाचा करतात तो पण दक्षिण अमेरिकेतला. रताळंही तिकडचंच.”

“मिरची तरी आपली ना, भिया?” त्यांनी लेकाला अगदी इंदुरी थाटात विचारलं.

“मेक्सिकोची, आई.”

रमाबाई मटकन खाली बसल्या. म्हणजे चाळीस वर्षं त्या देवाच्या नावाने या पोरीच्या माहेरचंच खात होत्या. आधी त्यांना राग आला, मग हसू फुटलं आणि ते इतकं वाढलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

“भगर कुठली रे?”

“ती मात्र आपली.”

रमाबाईंनी भगरीचं पातेलंच इनेसच्या पानाशी सरकवलं. “घे गं. माहेरचं काय, नेहमीच खातेस.”

संध्याकाळी अंबिकावन्संचा फोन आला. “मग? चालेल का ही पेरूची?”

“वन्सं,” रमाबाई म्हणाल्या, “पेरू उपासाला चालतो.”