दोरीच्या आतलं अरण्य

नंदुरबारच्या फलाटावर उतरलो. धाकटा भाऊ सदू डोंगरातल्या काठी गावाच्याही पलीकडे जंगलखात्यात कारकून होता. त्याने तापाने अंथरूण धरल्याचा निरोप आला, म्हणून शाळेतून रजा काढून, कोयनेलच्या (हिवतापावरच्या औषधाच्या) पुड्या खिशात घालून मी निघालो होतो.

तापी ओलांडून बैलगाडी तळोद्याला लागली. तिथल्या मारवाडी दुकानदाराने दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी आणि भरीत पुढे ठेवलं, आणि वर भीतीही वाढली. "मास्तर, डोंगरमा ताप भारी शे (आहे). पानी उकाळीसन प्या." मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो.

पुढे पायवाट. वाटाड्या वेस्ता पुढे, मी मागे. वाळक्या सागाच्या पानांत काहीही खसफसलं की मी थबकायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! घाबरलो की मला व्युत्पत्त्या आठवतात, हा मास्तरकीचा रोग. 'रान' आलं 'अरण्या'तून आणि 'अरण्य' आलं 'अरण' या जुन्या शब्दातून. अरण म्हणजे दूरचा, परका. झाडांचा त्यात संबंधच नाही. जे आपलं नाही, ते अरण्य. या विद्वत्तेने धीर मात्र आला नाही.

गावाच्या शिवेवर दोन सागांना बांधलेली पानांची दोरी वाट अडवून होती. वेस्ता थांबला.

"ताप काढाले (काढायला) देव बठेल (बसलेला) शे. सांजलोंग (संध्याकाळपर्यंत) बाहेरना मानूस मझार (आत) जावाव नही."

"अरे, माझा भाऊ आत आहे."

"तो मझारनाच शे. त्याना बी ताप काढी ऱ्हायनात."

मी दोरीखालून वाकणार, तोच पलीकडच्या म्हातारीने हात आडवा केला. ती रागावली नव्हती. तिने पानाचा द्रोण पुढे धरला. मी पुड्या त्यात टाकल्या आणि त्या कशा द्यायच्या ते वेस्ताकडून तिला भिलीत सांगवलं. ती गेली. ती औषध देईल की देवापुढे ठेवेल, मला काय ठाऊक?

आत ढोल वाजत होता. तो थांबला की माझं काळीज थांबे. पुन्हा वाजला की वाटे, अजून आहे सदू.

दिवस मावळताना दोरी तोडली. चौघांनी सदूला खाटेवर आणलं. अंग घामाने भिजलेलं, पण गार. मी सर्वांसमोर रडलो.

घरी आल्यावर आईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. म्हणाली, "पुरे झाली ती नोकरी. परक्या रानात पोर एकटं पडलं होतं माझं."

"एकटा कुठे, आई?" सदू म्हणाला. "मी आत होतो. परका म्हणून दादालाच बाहेर बसवलं होतं."