गुलमंडीत पियानो मिळत नाही

ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं की लहान पोरांना काय कळतंय, त्यांना बेसूर खेळणं दिलं तरी चालतं, तो माणूस मला एकदा भेटायलाच हवा! त्याच्यापायी गुलमंडीत माझी जी शोभा झाली, ती कुठल्या तोंडानं सांगू? पण सांगतेच.

माझी भाची ओवी तीन वर्षांची झाली. ताई, ओवी आणि ताईच्या सासूबाई सकाळीच गंगापूरहून आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आल्या होत्या, आणि साडेपाचच्या गाडीनं परत जाणार होत्या. ओवीला मी शब्द दिला होता, "आज मावशी पियानो आणणार." पोरगी दारातच ठाण मांडून बसली. कुणीही आलं की, "आनला?"

आता दुसरं कुणी असतं, तर पहिल्या दुकानातला लाल रंगाचा उचलून तासाभरात घरी आलं असतं. मी नाही! मुलीच्या कानावर पडणारा पहिला सूरच चुकीचा? मग पुढची पिढी घडायची कशी? मी फोनवर सूर मोजायचं ॲप घेतलं, ग्रंथालयात पुस्तकं परत केली आणि वही-पेन घेऊन, गळ्यातलं विद्यापीठाचं ओळखपत्र न काढता, थेट गुलमंडी गाठली.

पहिल्या दुकानात एकेक पट्टी दाबायची, ॲप बघायचं, वहीत लिहायचं: "सा बरा. ग चढा. नी बेपत्ता." मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. याच्या आत असतं तरी काय? मी तो उलटा केला, खालचा शिक्का शोधला, त्याचा फोटो काढला.

"मॅडम, हे काय लिहिताय?" दुकानदारानं विचारलं.

इथं गपचूप "भाचीसाठी घ्यायचाय" म्हणावं की नाही? पण माझी जीभ! म्हणाले, "पोरांच्या नावाखाली बाजारात काय काय खपवलं जातं, त्याची कुठंतरी नोंद नको व्हायला?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चहा घेता? का थंड सांगू?"

मला वाटलं, किती अगत्यशील माणसं आहेत आपल्या शहरात! हसू नका.

दुसऱ्या दुकानात मी पोचायच्या आधीच खुर्ची पुसून तयार. लस्सी आली. पियानोही आला, पण मी वही उघडताच "हा विकायचा नाही मॅडम, आमच्या पोराचा आहे" म्हणत परत आत गेला.

तिसऱ्या दुकानात तर, "पियानो? आम्ही ठेवतच नाही!" आणि मागं फळीवरच्या धुळीत पियानोएवढा स्वच्छ चौकोन.

"मग इथं काय होतं?"

"ढोलकी, मॅडम."

"चौकोनी?" मी विचारलं, आणि तेही लिहून घेतलं.

त्याला दरदरून घाम फुटला. मला आपलं वाटलं, उकाडाच आहे. चौथ्या दुकानाचं शटर माझ्या डोळ्यांदेखत खाली आलं. समोरून दोघं जण चादरीत काहीतरी गुंडाळून पळत निघाले होते, आणि चादरीतून "टिंग, टुंग" असा आवाज येत होता. अख्ख्या गल्लीला झालंय तरी काय?

शेवटच्या दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा हात जोडूनच उभे होते. "मॅडम, अपना माल एकदम कायदे का है. बाकी के लोगां गाडी में बैठे क्या?"

"कोण लोक?"

"तपासणीवाले. पूरी गल्ली को मालूम है."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली! "अहो चाचा, मी कसली अधिकारी? मी मावशी आहे!"

"पहले सब ऐसाइच बोलते."

तेवढ्यात ताईचा फोन आला. चाचांची खात्री पटावी म्हणून मी स्पीकर लावला.

"कुठं उलथलीस गं? साडेचार वाजले! एक खेळणं आणायला दिवस लागतो का? ओवी रडून लाल झालीये. लहानपणापासून अशीच आहेस तू, दीडशहाणी!"

चाचांनी शांतपणे सगळं ऐकलं. "हां," ते म्हणाले, "अफसर को घर में ऐसा कोई नै बोलता."

सुटले! पण पियानो? गल्लीतले सगळे पियानो टेंपोत बसून गोदामात गेले होते. चाचांकडं एकच खोकं उरलं होतं, वर पियानोचं चित्र. ॲप? वही? नावच काढू नका. खोकं काखेला मारलं आणि रिक्षात उडी घेतली.

पाच वाजता घरी पोचले. ओवीनं पहिली पट्टी दाबली. "भू भू!" दुसरी. "म्याँव!" तिसरी. "हम्माऽऽ!" आठ पट्ट्या, आठ जनावरं. सा नाही, रे नाही, काही नाही! मी कपाळाला हात लावून खाली बसले. ओवी मात्र नाचायलाच लागली. सहावी पट्टी तर तिनं सोडलीच नाही. "बेंऽऽ, बेंऽऽ!"

ताईच्या सासूबाई चपला घालत होत्या. त्यांची सगळी हयात शेळ्या राखण्यात गेलेली. त्या तशाच थांबल्या, वाकून कान दिला, ओवीला म्हणाल्या, "परत दाब." परत ऐकलं. मग माझ्याकडं वळल्या.

"पोरी, ही शेळी आजारी हाय. आणायच्या आधी जरा तपासून नाय का बघायचं?"